मासोळीची विहीर

लोक उन्हाळ्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला जातात, ते नाही जमलं तर कोकणात आंबे खायला जातात. मी वऱ्हाडात गेले. तेही ऐन वैशाखात, आणि कशाला, तर एका कोरड्या विहिरीच्या तळाशी जाऊन मेलेला मासा बघायला! पुण्यात हे ज्याला ज्याला सांगितलं त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी तिला सांगून थकले."

मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते. माझी थोरली बहीण कारंजा लाडला दिली आहे आणि भाऊजींची तिथं कापसाची अडत आहे. गेल्या माघात भाऊजी पुण्याला एका मुंजीसाठी आले, तेव्हा त्यांनी खिशातून पांढरट दगडाची एक कपची काढून माझ्यापुढे टाकली. "घे, तुझ्या शाळेत दाखवायला. चिंचखेड्याच्या नामदेवानं दिली, आमच्या अडतीला कापूस आणतो तो. त्याच्या विहिरीत निघाली." कपचीवर मसुराच्या डाळीसारखे गोल, गुळगुळीत, तपकिरी दाणे ओळीनं बसवलेले होते. मी तिच्यावर पाणी टाकलं, भिंग आणलं आणि जेवायचं विसरले. ते दात होते. माशाचे दात! अशा दातांचं चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं, आणि चांद्याकडच्या खडकात ते सापडल्याचंही वाचलं होतं. या माशाला शास्त्रात पिक्नोडस म्हणतात. आपल्या रोहू-पापलेटासारख्याच त्याच्याही परांत काड्या असत. पण ते सगळं कूळच केव्हाच बुडालं, आज साऱ्या पृथ्वीवर त्यातला एक मासा शिल्लक नाही. हे दात त्याच्या टाळूवर असत आणि त्यांनी तो शिंपले नि गोगलगायी फोडून खात असे.

"नामदेव म्हणतो, तिथं अख्खा आहे," भाऊजी जिलबी खाता खाता म्हणाले. "दगडात निजल्यासारखा."

बस्स. त्यानंतर मला पुण्यात चैन पडली नाही.

कारंजा

मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडली की कारंज्याला जायला एक छोटी गाडी मिळते. तिचं इंजिन बघून मला हसू आलं आणि वेग बघून रडू आलं. एका ठिकाणी दोन माणसं खाली उतरली, बाभळीच्या आडोशाला जाऊन आली आणि पुन्हा चढली. गाडी थांबली नव्हती. डब्यातल्या एका बाईनं मला ओळख ना पाळख असताना विचारलं, "कुठं चालली वं?" मी सांगितलं. "मालक कुठं हायेत?" नाहीत म्हटलं. "वारले?" नाही हो, लग्नच केलं नाही. "काहून?" आता या 'काहून'ला काय उत्तर द्यायचं? पुण्यात हाच प्रश्न लोक माझ्या पाठीमागे विचारतात. इथं तोंडावर विचारला आणि वर दोन लाडू हातावर ठेवले. मला ही पद्धत बरी वाटली.

ताईकडे दोन दिवस पाहुणचार झाला. बेसनाच्या पातोड्यांचा रस्सा असा होता की डोळ्यांतून पाणी यावं आणि हात मात्र थांबू नये. ताई आता पक्की वऱ्हाडी झाली आहे; नोकराला "काय करून राह्यला रे?" म्हणते आणि मला हसताना बघून लाजते.

निघायच्या आदल्या दिवशी भाऊजींनी मला शिकवण दिली. "हे बघ, चिंचखेड्यात तुझं पुणेरी बोलणं कुणाला कळायचं नाही. तिकडे मासा म्हणत नाहीत, मासोळी म्हणतात. विहिरीतली मासोळी बघायला आले म्हण, म्हणजे थेट विहिरीवर नेतील." मी तो शब्द घोकून ठेवला. मुलींना नेहमी सांगते ना, जिथं जाल तिथला शब्द शिका म्हणून! तो शब्दच मला एवढा भोवेल असं वाटलं नव्हतं.

मंगरूळपीर

सर्व्हिस मोटार मंगरूळपीरच्या अलीकडे बंद पडली. ड्रायव्हरनं झाकण उघडून आत पाहिलं, झाकण लावलं आणि तो झाडाखाली जाऊन निजला. माझा असा संताप झाला! पण उरलेल्या उतारूंनी शांतपणे आपापली गाठोडी उचलली आणि चालायला लागले, तेव्हा मीही निघाले. दर्ग्याच्या वाटेवर एका हॉटेलात चहा घेतला. त्यात साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता.

नामदेवाची दमणी मला न्यायला आली होती. दमणी म्हणजे वर ताडपत्रीचं छप्पर असलेली हलकी बैलगाडी. गाडीवानाशेजारी पांढऱ्या दाढीचा एक उंच माणूस आधीच बसला होता. त्यानं सलाम केला. "मी रहीमभाई, सुरुंगवाला. मी बी चिंचखेड्यालेच चाललो. तुमी मागं आरामात बसा बाईसाब."

मी आरामात बसले. पाठीमागं एक लाकडी पेटी होती, तिला मस्त टेकले. खड्ड्याखड्ड्यांतून पेटी आणि मी मिळून उडत होतो. बरीच वाट सरल्यावर गाडीवानानं विडी काढली, तशी रहीमभाईनं त्याच्या हातातली काडेपेटी झडप घालून काढून घेतली.

"काहून रे बाबा, बाईले उडवतं का? पेटीत दारू हाय!"

मी इतकी दचकले की माझं डोकं छपराला लागलं. सुरुंगाची दारू! आणि मी तिच्यावर रेलून डुलक्या काढत होते! रहीमभाई पोट धरधरून हसला. "घाबरू नोका. टेकल्यानं नाई उडत. इतके वर्सं मीच टेकून राह्यलो."

मग त्यानं सगळी हकिगत सांगितली. नामदेवाच्या वावरातली विहीर दोन उन्हाळे खोदली जात होती. वरचा काळा पाषाण रहीमभाईनंच सुरुंग लावून फोडला. त्याखाली हा पांढरट, चपट्या लाद्यांचा थर लागला. तोही फोडायचा म्हणून भोकं पाडून झाली, आणि नामदेवाच्या आईनं काम बंद पाडलं.

"मी उद्या माह्या पहारी घेऊन वापस जातो," तो म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "बुढी म्हनते, इहीर बुजवा. आता बुजवली तर पुन्हा कोनी खोदत नाई. नामदेवाच्या घरवालीनं, अनुसयेनं पाह्यलेलं सपन हाय थे. गावातल्या बाया नदीच्या झिऱ्यावरून पानी आनतात, वाटीवाटीनं भरतात. तुमाले काय सांगू बाईसाब!"

"पण आई काम का थांबवते?" मी विचारलं.

"बायकायच्या गोष्टी हायेत जी. तुमी बायकायलेच इचारा."

मी काही विचारलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: विहीर बुजली तर मासा गेला, आणि सुरुंग लागला तरी मासा गेला. माझ्या पाठीमागच्या पेटीकडे मी आता शत्रूसारखी बघत होते.

चिंचखेडा

गाव टेकाडाच्या उतारावर आहे. वेशीजवळ चिंचेच्या सावलीत बायका घागरी टेकवून दम खात उभ्या होत्या. मी दमणीतून उतरले, पदर सारखा केला आणि भाऊजींच्या शिकवणीप्रमाणे अगदी ठणठणीत आवाजात म्हणाले, "बायांनो, विहिरीत मासोळी सापडली ना? मी ती बघायला आले!"

सगळ्या एकदम माझ्याकडे वळल्या. मग त्यांतली एक तिशीची, काटक, सावळी बाई पुढं आली. तिच्या डोक्यावरची चुंबळ खाली पडली, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

"सापडली?" ती म्हणाली. "माय वं! खरंच सापडली? कोनाले सापडली? कुठी हाय?"

"माझ्याकडेच आहे," मी पिशवी थोपटून म्हणाले. मला वाटलं, काय हा शास्त्राचा उत्साह!

ती रडायला लागली. हसत रडायला लागली. एक म्हातारी काठी टेकत आली, एक मिशाळ गडी धावत आला, पोरं जमली, कुणीतरी हळदकुंकू आणा म्हणून ओरडलं. मी पिशवीतून फडकं काढलं, फडक्यातून कपची काढली आणि तिच्या पसरलेल्या ओंजळीत ठेवली.

तिनं दगडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग तिनं पाय थोडा पुढं केला. उजव्या पायाच्या बोटात चांदीची, खवल्याखवल्यांची मासोळी होती. डाव्या पायाचं बोट रिकामं होतं आणि त्यावर पांढरा वळ होता.

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. मासोळ्या! सवाष्णी पायात घालतात त्या! आमच्या आजीच्याही पायात होत्या, आणि मी शहाणी भाऊजींकडून शब्द शिकून आले होते. ती बाई म्हणजे अनुसया, नामदेवाची बायको, आणि तो मिशाळ गडी नामदेव. विहिरीच्या तळाशी दगडगोटे टोपल्यांत भरताना तिची मासोळी निखळून पडली होती. टोपल्या चाळल्या, ढिगारा उपसला, कुठं मिळाली नाही. आणि तिच्या सासूनं, त्या काठीवाल्या म्हातारीनं, तिथंच धसका घेतला होता. सवाष्णीच्या पायातली मासोळी विहिरीनं घेतली; आता विहीर धन्यालाही घेणार. म्हणून काम बंद.

"पोट्टीले हासवलं आन रडवलं," म्हातारी मला म्हणाली. "पुन्याहून एवढ्यासाठी आली का वं?"

अनुसयानंच डोळे पुसले. "जाऊ द्या ना आत्याबाई. त्याह्यले काय मालूम? उन्हातून आल्या हायेत, पानी तरी देऊ." आणि तिनं नदीवरून आणलेल्या घागरीतलं पाणी तांब्यात ओतून मला दिलं. तळाशी वाळू होती. मी ते वाळूसकट प्याले.

संध्याकाळी ओट्यावर जेवण झालं. ज्वारीची भाकर, भरली वांगी, ठेचा. अनुसया वाढत होती आणि मी तिच्या पायाकडे बघायचं टाळत होते. मग मीच सगळं सांगितलं: मी आले ती कुठल्या मासोळीसाठी, ते दात कुणाचे, हा मासा असा की त्याच्या जातीचा आज कुठल्याच पाण्यात सापडायचा नाही.

"म्हंजे याच्या वंशाले कोनीच नाई उरलं?" अनुसयानं विचारलं.

"कुणीच नाही."

"अरे बाप्पा!" ती म्हणाली आणि तिनं ती कपची पुन्हा हातात घेतली, या वेळी जरा मायेनं. "कुठी राहत होता हा? आमच्या वावरात?"

"तेव्हा तुमचं वावर नव्हतं. काळा पाषाण आहे ना, तो जमिनीतून तापलेल्या रसासारखा बाहेर आला आणि थिजला. मग त्यावर पावसाचं पाणी साठलं, तळं झालं. त्या तळ्यात हा होता. पुढं पुन्हा रस आला आणि तळं खाली गाडलं गेलं."

म्हातारी इतका वेळ भिंतीला टेकून सुपारी कातरत होती. तिचा अडकित्ता थांबला. "म्हंजे इथं तयं होतं? पानी होतं?"

"होतं."

"मंग आता लागन का पानी? तुमी शिकेल हा. सांगा, इहिरीले पानी लागन का?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. नामदेवानं खाली मान घातली होती, पण त्याचे कान माझ्याकडेच होते. हो म्हटलं असतं तर म्हातारीनं कदाचित दुसऱ्या दिवशीच काम सुरू करू दिलं असतं. अनुसयाचे डोळे तेच सांगत होते. पण मी एकदा या बाईच्या ओंजळीत खोटी आशा टाकली होती. पुन्हा टाकायची?

"आजी, माशाचं पाणी केव्हाच आटलं," मी म्हणाले. "ते काही तुमच्यासाठी थांबलेलं नाही. पण हा थर काळ्या दगडासारखा घट्ट नाही, त्याला फटी आहेत. पाऊस जिरत जिरत खाली येतो, तो असल्या थरात साठू शकतो. लागेलच असं मी म्हणणार नाही. पण आत्ता बुजवणं म्हणजे भाकर तव्यावर टाकून चूल विझवण्यासारखं आहे."

म्हातारीनं सुपारीचं खांड पुन्हा उचललं. मग अडकित्ता पुन्हा चालू झाला. "उद्याचा दिवस देतो," ती म्हणाली. "दिवस बुडेपर्यंत काय करायचं थे करा. परवा सकायी बुजवू."

"एक दिवस?" नामदेव म्हणाला.

"माह्या एकुलत्या एका पोराचा जीव हाय, बाप्पा. एक दिवस लय झाला."

तिचा राग मला तेव्हा कळला. तो राग नव्हताच.

विहिरीत

सकाळी मला टोपल्यात बसवून कप्पीवरून खाली सोडलं. मी डोळे मिटून घेतले होते, हे इथं सांगायला हरकत नाही. काळ्या पाषाणाच्या भिंती संपल्या आणि एकदम पांढरट उजेड आला. तळाशी लाद्या होत्या. त्यांच्यावर बारीक गोगलगायींच्या शंखांची रांगोळीच पडली होती. नामदेवानं एका कोपऱ्यातली माती हातानं झाडली. "हे पाहा."

तो तिथं होता. भाकरीसारखा गोल, माझ्या पंजाहून थोडा मोठा. पाठीवरच्या काड्या एकेक मोजता येत होत्या. शेपटी जरा वळलेली, आता हलेल असं वाटावं. तोंडाजवळचा तुकडा गेला होता, तोच माझ्या पिशवीत होता. मी कपची काढून लावून पाहिली. बरोब्बर बसली. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण नामदेव नंतर सगळ्यांना सांगत होता की मास्तरीणबाई दगडाशी बोलत होत्या.

आणि त्या माशापासून वीतभर अंतरावर सुरुंगाचं भोक होतं.

रहीमभाई माझ्या मागोमाग उतरला. त्यानं भोकाकडे पाहिलं, माशाकडे पाहिलं, दाढी खाजवली. "बाईसाब, खरं सांगू का? सुरुंगानं हा थर दुपारपर्यंत मोकळा होईन. पहारीनं केलं तर दिवस बुडेपर्यंत होईन का नाई, अल्ला जाने. तुमचा मासा मात्र सुरुंगात राहत नाई."

मी उकिडवी बसले होते. मला इतका राग आला होता, आणि राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं. माझा मासा इथं आणि त्यांचं पाणी, असलंच तर, त्याच्या खाली! दोन्हीसाठी मिळून एकच दिवस. वर पाहिलं तर आभाळाच्या गोल तुकड्यात बायकांची डोकी दिसत होती. काल त्यांच्या घागरींतली वाळू मी प्याले होते.

"लावा सुरुंग," मी म्हणाले. "मी त्याचं चित्र काढून घेते, मग लावा."

"नाई!"

ही अनुसया होती. ती टोपल्यातून अर्धी खाली आली होती, एका हातानं दोर धरून. तिनं खाली उडी मारली आणि माशाजवळ येऊन बसली. "सुरुंग नाई लावाचा. माही बी मासोयी इथंच हाय कुठीतरी, या फटीयमंधी. सुरुंग लावला तर तुमची बी जाईन आन माही बी जाईन."

"अवं, दिवस एकच हाय," नामदेव म्हणाला.

"मंग कायले बसून राह्यले?" तिनं वर तोंड केलं आणि अशी हाक मारली की विहीर घुमली. "अवं बायाहो! घागरी ठेवा न खाली या!"

त्या आल्या. एकीमागून एक टोपल्यात बसून आल्या, जास्त माणसं झाली तेव्हा पाळीपाळीनं आल्या. रहीमभाईनं आपल्या परत न्यायच्या पहारी सगळ्या खाली मागवल्या. लाद्यांच्या फटींत पहारी घालायच्या, चौघांनी मिळून रेटायचं, लादी सुटली की फोडून टोपल्यांत भरायची. गाणी म्हणत नव्हत्या हो, शिव्या देत होत्या. दगडाला, उन्हाला, एकमेकींच्या सासवांना. मी छिन्नी घेऊन माशाभोवती चर पाडत होते. पुण्यात पाटी-खडूपलीकडे काही न उचललेले हात! दुपारपर्यंत तळव्यांवर फोड आले आणि फुटलेही. एकीनं माझ्या तळव्यांना तेल-हळद लावून चिंध्या बांधल्या आणि म्हणाली, "आता शोभता तुमी."

उन्हं कलली तेव्हा एकच मोठी लादी उरली होती, माशाची. वरून म्हातारीचा आवाज आला, "दिवस गेला वं!" रहीमभाईनं पहार फटीत घातली.

"धरा," रहीमभाई म्हणाला. "हळूऽ."

तीन पहारी एकदम दाबल्या. लादी करकरली, वर आली, आणि कडाड्! माशाच्या मधोमध चिरली. डोकं एकीकडे, शेपूट एकीकडे. मी ओरडले. मला खरंच वाटलं की काहीतरी जिवंत मोडलं. मी दोन्ही तुकडे छातीशी धरून तिथंच बसले, आणि त्यामुळे पुढचं मी सगळ्यांच्या शेवटी पाहिलं.

अनुसया लादीच्या जागी ओणवी झाली होती. खाली काळ्या पाषाणापर्यंत गेलेली एक अरुंद फट होती. तिनं फटीत हात घातला, खांद्यापर्यंत घातला, गाल दगडाला टेकवला. मग तिचा हात थबकला. हळूहळू तिनं तो बाहेर काढला आणि मूठ उघडली.

मासोळी होती. पण चांदी चमकत नव्हती. ती गाळानं माखली होती.

सगळ्या बाया एकदम ओरडल्या, "सापडली वं सापडली!" फक्त रहीमभाई ओरडला नाही. तो पुढं आला आणि अनुसयाच्या तळहाताकडे बघत राहिला.

"थांबा," तो म्हणाला. "हा चिखल कुठून आला?"

तिथं दिवसभर आम्ही पांढरी कोरडी धूळ खात होतो. चिखल कुठून येणार? नामदेवानं बाही वर सारली आणि फटीत हात घातला. हात बाहेर आला तो कोपरापर्यंत ओला होता. तो हात त्यानं आपल्या तोंडावरून फिरवला आणि तसाच तोंड झाकून उभा राहिला.

मासोळी टोपल्यात घालून आधी वर पाठवली, कारण म्हातारी वरून "काय झालं, काय झालं" करत होती. आम्ही खालून बघत होतो. तिनं मासोळी उचलली, डोळ्यांजवळ नेली, तिच्यावरचा गाळ दोन बोटांत चोळला. मग तिनं बोट जिभेला लावलं.

"गोड हाय," ती म्हणाली.

मग काही वेळानं पुन्हा आवाज आला, या वेळी बराच खणखणीत. "रहीम! तुह्या पहारी नेजो नोको उद्या. ऐकलं का रे?"

रोडगे

त्यानंतर मी तीन दिवस राहिले. पाणी एकदम उसळून वगैरे आलं नाही. तसं कथांत येतं. फटीतून झिरपत झिरपत आलं, पहिल्या दिवशी पायाचे तळवे भिजतील एवढं, नंतर घोट्याला लागेल एवढं. बायका टोपल्यात बसून खाली जात आणि पाय बुडवून वर येत. पाणी भरायला नव्हे हो, नुसतं उभं राहायला.

शेवटच्या दिवशी विहिरीवर रोडगे झाले. गव्हाच्या कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, वांग्याच्या भाजीशी आणि वरणाशी खायचे. आम्ही पुण्यात पोळी एवढीशी करतो आणि तूप चमच्यानं मोजतो, त्याची मला लाज वाटली. रहीमभाईनं दर्ग्यावर रेवड्या चढवून त्याचा प्रसाद आणला होता, तो आधी म्हातारीनं घेतला. मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि माझ्या पायाच्या रिकाम्या बोटांकडे बघून म्हणाली, "तुह्या बी पायात पाह्यजे वं एखादी."

"मला नको आजी. माझी मला मिळाली."

"दगडाची!" म्हातारी म्हणाली आणि बोळकं उघडून खूप हसली.

मासा दोन तुकड्यांत होता. डोकं, दात आणि पाठ मी फडक्यात गुंडाळून घेतली. शेपटीचा तुकडाही घेणार होते. पण अनुसया तो तुकडा मांडीवर घेऊन बसली होती, आणि माझ्याच्यानं मागवेना. "हा इथं राहू द्या जी," ती म्हणाली. "इहीर बांधून झाली का काठावर बसवतो. त्याच्या वंशाले कोनी नाई म्हनता, मंग त्याले त्याच्या घरी तरी राहू द्या." शास्त्राच्या दृष्टीनं हे चूक आहे. मी होकार दिला.

दमणीत बसताना तिनं वाकून मला नमस्कार केला आणि मी तिला उठवलं. तिच्या दोन्ही पायांत मासोळ्या होत्या. डावी घासून पुसून लख्ख केलेली, पण खवल्यांच्या बेचक्यांत थोडा पांढरा गाळ तसाच राहिला होता.

पुण्याला आल्यावर संग्रहालयातल्या एका जाणत्या गृहस्थांना मी तो अर्धा मासा दाखवला. त्यांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, पिक्नोडसच दिसतो, बहुधा. 'बहुधा' हा शब्द त्यांना सोडवत नाही. मग त्यांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि विचारलं, "कुठं सापडला? नेमकी जागा सांगा."

त्याच आठवड्यात ताईकडून निरोप आला होता की पाऊस लागायच्या आधीच विहिरीत माणूसभर पाणी आलं, आणि गावानं विहिरीचं नाव ठेवलं.

"मासोळीची विहीर, चिंचखेडा," मी म्हणाले.

"वा! म्हणजे या माशावरूनच नाव पडलं तर," ते लिहिता लिहिता म्हणाले.

"छे हो!" मी म्हणाले. "तो आमचा मासा. मासोळी अनुसयाची."